खालच्या पायरीवरचा हात

पत्राला इस्त्री चुकून झाली, असं कुमुदिनीबाई पुढे कायम सांगत राहिल्या.

पत्र रेव्हरंड शीलवंत वाघचौरे यांच्या काळ्या झग्याच्या आतल्या खिशात होतं, आणि झगा रविवारच्या उपासनेसाठी कडक करायचा होता. इस्त्रीआधी खिसे तपासावेत हे बेचाळीस वर्षं पाळकीणबाई असलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. याच खिशांतून त्यांनी आजवर चष्मे, खडीसाखर, दुसऱ्यांच्या लग्नाच्या अंगठ्या आणि एकदा जिवंत सरडा काढला होता. पण त्या सकाळी त्यांनी झगा टेबलावर तसाच पसरला, खिशावरून इस्त्री सावकाश तीनदा फिरवली, मग आत हात घालून पत्र काढलं आणि ओट्यापाशी कॉफी गाळणाऱ्या सुनेसमोर धरलं.

"कडक झालंय," त्या म्हणाल्या. "वाच."

"मम्मी, हे पप्पांचं आहे," फीबी म्हणाली.

"म्हणून तर वाच म्हणते. माझं असतं तर मी तोंडानेच सांगितलं असतं."

फीबीने हात पुसले आणि पत्र घेतलं. बेलगाव ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी एकमताने ठरवलं होतं की, रेव्हरंड वाघचौरे निवृत्त झाल्यापासून रिकाम्या असलेल्या जागी त्यांचे चिरंजीव आमोस यांना एक जानेवारीपासून पाळक नेमण्यात येत आहे, तरी त्यांनी सहकुटुंब यावे. खाली सात सह्या, एक अंगठा, आणि पंचांनी उत्साहाच्या भरात दोनदा मारलेला शिक्का. या सगळ्यात आपण कुठे आहोत ते फीबीला शोधावं लागलं. शेवटून दुसऱ्या ओळीत सापडली. ती 'सहकुटुंब'मध्ये होती.

"आमोसला माहितीये?"

"फोनवर 'बघू' म्हणाला होता."

"'बघू' म्हणजे?"

"त्याच्या तोंडून 'बघू' म्हणजे नाही. त्याच्या बापाच्या कानात 'बघू' म्हणजे हो. मी दोघांच्या मध्ये छत्तीस वर्षं उभी आहे, मला दोन्ही ऐकू येतं." कुमुदिनीबाईंनी झग्याची बाही उलटली. "आज उपदेश झाला की व्यासपीठावरूनच वाचणार आहेत. देवाच्या घरात, मंडळीसमोर वाचलं की झालं, असं त्यांचं गणित. आमच्या लग्नाचं असंच केलं. तीन रविवार चर्चमध्ये पुकारलं, तिसऱ्या रविवारी मला कळलं."

"पहिले दोन रविवार?"

"मला ताप होता."

फीबीने पत्र घडीवर घडी ठेवून परत दिलं. चार वर्षांपूर्वी ती नेदरलँड्समधल्या या हाल्डेरसुम गावात आली ती 'सोबत' म्हणून. आमोसला ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात डॉक्टरेटला जागा मिळाली होती. बायबलातल्या आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथावर तो प्रबंध लिहीत होता आणि बेलगावात अजूनही काही जणांचा समज होता की पोरगा आत्मचरित्र लिहितोय. फीबीने पहिली दोन वर्षं गावातल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. डच भाषा ती त्यांच्याकडूनच शिकली, त्यामुळे तिची भाषा नव्वद वर्षांच्या बाईची होती, आणि पुढे नर्सिंगच्या कॉलेजात गेल्यावर वर्गातली विशीतली पोरं तिला दार उघडून धरत. वृद्धाश्रमातलं काम सांभाळून नर्सिंगची दोन वर्षं झाली होती. दोन उरली होती.

"मला काय करायचं ते सांगा ना, मम्मी."

"मी काही सांगत नाहीये. मी इस्त्री करतेय." इस्त्री मात्र केव्हाच उभी करून ठेवलेली होती. "मिरजेला नर्सिंगला माझा नंबर लागला होता, ते तुला कधी बोलले का मी? एक्क्याऐंशी साली. ट्रंक भरून झाली होती. अजून आहे बेलगावला ती ट्रंक. आम्ही तिच्यात गहू ठेवतो."

तेवढ्यात फीबीचा फोन वाजला. चर्चमधल्या हार्मचा निरोप होता. हार्मच्या निरोपांत एकूण चार शब्दांच्या वर जाण्याची पद्धत नव्हती.

*गाय विते. आज तू.*

*

शीलवंतराव कालव्याच्या कडेने चर्चकडे निघाले तेव्हा त्यांचा जीव अगदी स्वस्थ होता. स्वतःच्या हट्टाला ते देवाची इच्छा समजत असत असं घरातले म्हणत, पण ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांना भीतीही वाटत होती. त्यांचे आजोबा लक्ष्मण कडुनिंबाखाली बसून लोकांना वाचायला शिकवत आणि शुभवर्तमान सांगत. वडिलांनी चर्चच्या मनोऱ्याचे दगड स्वतः वर चढवले. ते स्वतः बेचाळीस वर्षं त्या मनोऱ्याखाली उभे राहिले. आता तिथे कुणी वाघचौरे नव्हता. पंच आपापसांत भांडत होते, आणि भांडून थकले की बाहेरचा माणूस आणतील हे दिसत होतं. आणि इकडे आपला मुलगा, तीन भाषा आणि त्यावर हिब्रू येणारा, अकरा माणसांच्या मंडळीत रविवारी खुर्च्या लावत होता. अकरा. त्यातल्या निम्म्यांना आपली सून आठवडाभर आंघोळ घालते.

"एवढा मोठा ऑर्गन," ते बायकोला म्हणाले, "अकरा माणसांसाठी."

"बारा. मी पण ऐकते," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

या मंडळीशी त्यांची पहिली भेट तीन आठवड्यांपूर्वी, ते दोघं बेलगावहून मुलाकडे आले तेव्हा, झाली होती आणि तिच्याविषयी घरात कुणी बोलत नसे. इथे उपदेश सुरू झाला की बाकांवरून पेपरमिंटची पुडी फिरते. प्रत्येकाने एक घ्यायची, चघळायची, ऐकायचं. शीलवंतरावांच्या हातात ती पांढरी गोल वडी आली तेव्हा ते ती प्रभुभोजनाची भाकर समजून उठून उभे राहिले, डोळे मिटले आणि द्राक्षारसाच्या पेल्याची वाट बघत थांबले. शेजारची चौऱ्याऐंशी वर्षांची गेसीन पाहुण्याचा मान राखायला उठली. मग मागचे उठले. पेला काही आला नाही. पण त्या दिवसापासून हाल्डेरसुममध्ये पेपरमिंट उभं राहून खातात, आणि ही फार जुनी पद्धत असून मध्ये विसरली गेली होती, असं दोघा-तिघांचं मत पडलं आहे.

चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत गेसीन गुडघा स्टुलावर ठेवून बसली होती. फीबी डोक्यावरून ओढणी घेऊन उभी होती. आमोस बाहेर माइकच्या वायरी सोडवत होता. उपदेश मराठीत होणार होता आणि त्याने खाली उभं राहून वाक्यावाक्याला डच करायचं होतं.

"हार्म कुठेत?" झग्यात हात घालत शीलवंतरावांनी विचारलं.

"त्यांची गाय विते आहे."

"अरे वा. मग ते हाताचं कोण करणार?"

"मी."

कुमुदिनीबाई झग्याची मागची बटणं लावत होत्या. त्या थांबल्या नाहीत, पण बटणं एकदम सावकाश लागू लागली.

ते हाताचं म्हणजे असं. या मंडळीत उपदेश करणारा माणूस स्वतःहून वर चढत नाही. मंडळीने निवडलेल्या 'वडिलां'पैकी, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी, एक जण त्याला पायऱ्यांपर्यंत नेतो आणि तिथे त्याचा हात हातात घेतो. म्हणजे मंडळी म्हणते, जा, आमच्या वतीने बोल. उपदेश करून तो खाली आला की पुन्हा हात. म्हणजे मंडळी म्हणते, ऐकलं, आमचं आहे. हाल्डेरसुमच्या वडिलांच्या परिषदेत हार्म, गेसीन आणि वसंतात निवडून आलेली फीबी असे तिघंच उरले होते. तिसरा माणूस मिळाला नाही तर दार बंद करायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलेलं होतं. फीबी मिळाली, दार उघडं राहिलं.

"म्हणजे," शीलवंतराव म्हणाले, "तू मला वर जायची परवानगी देणार."

"मी नाही, पप्पा. मंडळी देते. माझा फक्त हात."

"बेचाळीस वर्षं मी कुणाला विचारून वर चढलो नाही. हात घेतले, हजारो घेतले, पण ते उपदेश झाल्यावर, दारात. आणि सून मंडळीची वडील, हेच मुळात मला अजून नीट कळलेलं नाही."

"मलाही पहिले दोन महिने कळलं नव्हतं."

"काय म्हणतायत?" गेसीनने विचारलं. फीबीने सांगितलं. गेसीनने मान हलवली. "त्यांना सांग, अठ्ठावन्न साली माझ्या बापाने एका पाळकाला खाली आल्यावर हात दिला नव्हता."

फीबीने मराठी केलं.

"मग?" शीलवंतराव म्हणाले.

"तो पायरीवर उभा राहिला," गेसीन म्हणाली. "हात होईपर्यंत ऑर्गन थांबवता येत नाही. सात गाणी झाली. मग पाळक खिडकीतून गेला."

"कुठे गेला?"

"बेल्जियमला."

खोलीत थोडा वेळ सगळ्यांनी त्या पाळकाचा विचार केला.

"पप्पा," फीबी म्हणाली, "तुमच्या खिशात काय आहे ते मला माहितीये."

शीलवंतरावांचा हात छातीपाशी गेला. खिसा पापडासारखा कडक लागला.

"कुणी सांगितलं?"

"इस्त्रीने."

त्यांनी मागे वळून बायकोकडे बघितलं. बायको शेवटच्या बटणावर होती आणि ते फार अवघड बटण असावं.

"बघ फीबी, मी काही वाईट करायला निघालेलो नाही. तुझं शिक्षण तिकडेही होईल."

"पहिल्यापासून."

"मग काय झालं? हुशार आहेस."

"मम्मी पण हुशार होत्या."

बटण लागलं. कुमुदिनीबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरचा नसलेला धागा उचलला आणि खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

"वर जाताना मी हात देणार," फीबी म्हणाली. तिचा आवाज वृद्धाश्रमात औषध द्यायच्या वेळी असतो तसा होता. त्या आवाजापुढे माजी कारखानदारसुद्धा तोंड उघडत. "त्याला काही अट नाही. तुम्हाला जे बोलावंसं वाटतं ते बोला. पण खाली येताना दुसरा हात आहे, पप्पा. तो काय होईल ते मला आत्ता माहीत नाही."

"धमकी देतेस?"

"नाही. आधी कळवून ठेवते."

मग तिने प्रार्थना केली, कारण उपासनेआधी या खोलीत प्रार्थना वडिलांनी करायची असते. तिने ती मराठीत केली. बापा, जे खरं आहे ते बोलायला आम्हाला बळ दे, आणि जे ऐकावं लागेल ते सोसायलाही दे. शीलवंतराव सवयीने सगळ्यात मोठ्याने 'आमेन' म्हणाले, आणि कशाला 'आमेन' म्हणालो हे त्यांना दाराबाहेर पडल्यावर कळलं.

*

आमोसने पायऱ्यांपाशी बायकोचा आणि बापाचा हात एकमेकांत जाताना पाहिला. लग्नात याच माणसाने हाच हात उचलून आपल्या हातात ठेवला होता. तेव्हाही पप्पा असेच दिसत होते, कुणी घाई केली तर चालणार नाही असे.

उपदेश योनावर होता. एक माणूस, ज्याला देव एका गावाला जा म्हणतो आणि जो जहाज धरून नेमका उलट्या दिशेला निघतो. पेपरमिंट फिरलं, अकरा माणसं आणि कुमुदिनीबाई उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. शीलवंतराव म्हणाले, "योनाला वाटलं, समुद्रापलीकडे देव आपल्याला शोधणार नाही." आमोसने ते डचमध्ये सांगितलं. "तिकडे त्याने चांगली नोकरीही बघितली असेल." हे बायबलात नव्हतं, पण आमोसने तेही सांगितलं. भाषांतरकाराने गाळू नये. पंचवीस मिनिटं तो स्वतःविरुद्धचा खटला दोन भाषांत चालवत होता.

योनाला गिळलेल्या माशाने त्याला किनाऱ्यावर टाकलं आणि शीलवंतरावांनी खिशात हात घातला. पत्र उघडताना कडकड आवाज झाला. माइकमुळे तो मनोऱ्यापर्यंत गेला.

त्यांनी एक वाक्य वाचलं, थांबले. आमोसने सांगितलं. पुढचं वाचलं, थांबले. आमोसने सांगितलं. एक जानेवारी. पाळक म्हणून नेमणूक. 'सहकुटुंब' आलं तेव्हा आमोस अडला. या भाषेत तसा शब्द नव्हता. तो म्हणाला, "फीबीसह." पहिल्या बाकावरच्या गेसीनने मान वर केली. सात सह्या, एक अंगठा. आमोसने दोन्ही शिक्केसुद्धा सांगितले.

"आमेन," शीलवंतराव म्हणाले.

आमोसला वाटलं आता ऑर्गन सुरू होईल, आणि ऑर्गन सुरू झाला की झालं. तो नऊ वर्षांचा असताना हार्मोनियमच्या क्लासला 'बघू' म्हणाला होता आणि पुढची नऊ वर्षं हार्मोनियम वाजवली. धर्मशास्त्राला 'बघू' म्हणाला आणि पुण्याला चार वर्षं शिकला; नंतर ते आवडलं, ही वेगळी गोष्ट. एकदा एका नातेवाइकाच्या कोंबड्यांनाही 'बघू' म्हणाला होता. त्या दोन उन्हाळे त्यांच्या अंगणात होत्या.

तो माइककडे वळला आणि डचमध्ये म्हणाला, "हे पत्र माझ्याविषयी आहे. माझं उत्तर नाही असं आहे. फीबीची दोन वर्षं शिल्लक आहेत. ती पूर्ण करेल. मी माझं पूर्ण करेन. तोवर आम्ही इथे आहोत, आणि खुर्च्या लावणार आहोत."

पंधरा सेकंद लागले. परक्या भाषेत ते इतकं सोपं निघालं की तो स्वतःच चकित झाला. बाकांवर चार-पाच माना हलल्या.

"काय म्हणालास?" वरून आवाज आला.

आमोसने वर बघितलं. बाप वाकून बघत होता. कुठलीही चलाखी त्या चेहऱ्यावर नव्हती. म्हाताऱ्या माणसाला समजलं नव्हतं म्हणून त्याने विचारलं होतं. आणि खाली उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावून देणं, हेच तर आमोसचं आजचं काम होतं.

"मी म्हणालो," त्याने मराठीत सुरुवात केली, आणि आईकडे बघितलं. कुमुदिनीबाई बाकावरून त्याच्याकडे एकटक बघत होत्या. तो पहिलं पाऊल टाकत असताना बघत होत्या तशा, हात पुढे न करता. "मी म्हणालो, नाही, पप्पा."

"आत्ता नाही, असं?"

"नुसतं नाही."

शीलवंतरावांनी चष्मा काढला.

"आणि मी योना नाहीये," आमोस म्हणाला. आता गाडी सुटली होती. "मी पळून आलो नाही. तुम्ही पाठवलंत. एस. टी. स्टँडवर अख्खी मंडळी आली होती, तुम्ही बसला हात लावून प्रार्थना केलीत, कंडक्टर घंटी मारत होता तरी थांबला नाहीत. ज्या कामाला देव यांना नेतोय ते यांच्या हातून पुरं होऊ दे, असं म्हणालात. यांच्या म्हणालात. दोघांच्या. ते काम अजून पुरं झालेलं नाही. मी तीच प्रार्थना धरून बसलोय, पप्पा. तुम्हीच ती मध्ये सोडू नका."

एवढं बोलून तो डच मंडळींकडे वळला आणि हेही सगळं नीट, कंडक्टरसकट, भाषांतर करून सांगितलं.

*

ऑर्गनवर बेरेंड होता, एक्क्याऐंशीचा, उजव्या कानाने बहिरा. त्याला छोट्या आरशातून एवढंच दिसलं की पाळक पत्राची घडी घालून पायऱ्या उतरतोय. त्याने वाजवायला सुरुवात केली.

फीबी खालच्या पायरीपाशी उभी होती. सकाळपासून ती ठरवत होती की पत्र वाचलं गेलं तर हात द्यायचा नाही. वाचलं गेलं होतं. आता तिला तिथे उभं राहून वाटत होतं की गोष्ट तेवढी सरळ राहिलेली नाही. जे मनात होतं ते म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर, वर उभं राहून बोलून दाखवलं. ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याने सगळ्यांसमोर, खाली उभं राहून दिलं. आणि उत्तर ऐकताना म्हाताऱ्याने त्याला एकदाही मध्येच तोडलं नाही. बेलगावच्या घरात तिने हे कधी पाहिलं नव्हतं. पत्र तिला मान्य नव्हतं. पण हात पत्राला द्यायचा नव्हता.

तिने हात पुढे केला.

शीलवंतराव शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांनी हाताकडे बघितलं. मग आमोसकडे. मग पुन्हा हाताकडे. बेरेंडचं गाणं संपलं. त्याने आरशात बघितलं आणि दुसरं सुरू केलं. अकरा माणसं हातातल्या पुस्तकांतून वर बघत होती. गेसीनच्या तोंडावर असा भाव होता की पासष्ट वर्षांनी पुन्हा असं काही बघायला मिळेल ही आशा तिने सोडून दिली होती. शीलवंतरावांची नजर एकदा डाव्या भिंतीकडे गेली. खिडकी मोठी होती, आणि खालची झडप उघडी होती.

फीबीचा हात तसाच होता. खांदा भरून आला तरी तो खाली आला नाही. रोज ती या हातावर नव्वद-नव्वद किलोची माणसं उठवून बसवत असे, आणि उठायचं की नाही हे प्रत्येकाने आपल्या वेळेने ठरवायचं असतं हे तिला माहीत होतं.

तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा कुमुदिनीबाई बाकावरून उठल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, चर्चमध्ये बेचाळीस वर्षं जो आवाज काढला नव्हता त्या आवाजात, "खिडकीतून जाणार असाल तर झगा इथे काढून ठेवा. आत्ताच इस्त्री केलाय."

शीलवंतराव बायकोकडे बघत राहिले. तिथे त्यांना काय दिसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी बेलगावला फोन लावला आणि भाच्याला सांगितलं की ट्रंकेतले गहू पोत्यात काढ, ट्रंक आतून पूस आणि उन्हात ठेव. का, असं भाच्याने विचारलं. "रिकामी असू दे," ते म्हणाले.

पण ते संध्याकाळी; आत्ता पायरीवर त्यांनी हात घेतला. घट्ट घेतला, आणि सोडला तेव्हा फीबीच्या तळव्यात ते कडक पत्र होतं. बेरेंडने अर्धं कडवं वाजवून ऑर्गन बंद केला.

*

मागच्या खोलीत कॉफी आणि मनुकांचा पाव आला. कुमुदिनीबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची बाटली काढली आणि गेसीनच्या पावावर न विचारता पसरली. गेसीनने घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, "याहून वाईट होऊ शकलं असतं." हाल्डेरसुममध्ये यापेक्षा मोठी स्तुती नाही. उपदेशाविषयीही ती तेच म्हणाली होती.

दारातून हार्म आला. बूट चकचकीत होते.

"वासरू झालं का?" शीलवंतरावांनी विचारलं. आमोसने भाषांतर केलं.

"झालं," हार्म म्हणाला.

"नर का मादी?"

हार्मने फीबीकडे बघितलं, आमोसकडे बघितलं, मग छताकडे. त्याने सहा वर्षांपूर्वी सगळी गुरं विकली होती. गोठ्यात तो आता लोकांच्या होड्या ठेवत असे.

"काल तुम्ही मला ते पत्र दाखवलंत, मोडक्या इंग्रजीत समजावलंत," तो शेवटी शीलवंतरावांना म्हणाला. त्याच्या मानाने हे व्याख्यानच होतं. "असल्या पत्राला मला हात द्यायचा नव्हता. आणि न देण्याची हिंमत नव्हती. म्हणून गाय."

आमोसने हेही जसंच्या तसं सांगितलं. शीलवंतरावांनी कॉफीचा घोट घेतला.

"बेलगावचे पंच आजारी पडतात," ते म्हणाले. "गाय कुणाला सुचली नाही." मग कप बाजूला ठेवून त्यांनी फीबीला विचारलं, "तुमच्या परिषदेची पत्रं कोण लिहितं?"

"मीच."

"मग बस. सात माणसांनी सही केली आहे, त्यांना उत्तर जायला पाहिजे. आजच. आणि मराठी नीट लिही, ते लोक चुका काढतात."

फीबी टेबलाशी बसली. आमोस तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. शीलवंतराव येरझाऱ्या घालत सांगू लागले, मान्यवर पंचमंडळीस सलाम, आपले पत्र पावले, मंडळीसमोर वाचण्यात आले. मायना तिने लिहिला. मग थोडी थांबली आणि लिहू लागली, 'आपल्या प्रस्तावाचा आम्ही प्रार्थनापूर्वक विचार करून...'

त्यांनी खांद्यावरून वाकून वाचलं.

"ते खोड."

"का, पप्पा?"

"'विचार करून' लिहिलंस तर ते अजून तीन वर्षं वाट बघतील. माझी माणसं आहेत, मला माहितीयेत. आमोस म्हणाला तेच लिही. नाही, असं लिही. आणि पुढे, जागा रिकामी ठेवू नका, चांगला माणूस बाहेरून आणा, असंही लिही. तो आला की मी दारात त्याचा हात धरीन. म्हणजे आधी. वर जायच्या आधी."

तिने 'नाही' लिहिलं. खोलीत पेनचा आवाज येत होता आणि गेसीन आणखी चटणी मागत होती. शेवटी तिने खाली सही केली, फीबी आमोस वाघचौरे, आणि त्याखाली पद लिहिलं, वडील, हाल्डेरसुम मंडळी. शिक्का एकदाच मारला.

शीलवंतरावांनी कागद उचलला, चष्मा लावून उजेडात धरला आणि सहीपाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी तो पुन्हा तिच्यासमोर ठेवला आणि सहीतल्या शेवटच्या शब्दावर बोट टेकवलं.

"आडनाव जरा ठळक काढ," ते म्हणाले.